पॉल पिअर्सला ठेवायचे की सोडायचे: बोस्टन सेल्टिक्सच्या २०१३ मधील निर्णयाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बास्केटबॉलपटू पॉल पिअर्स १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, दहाव्या क्रमांकावर बोस्टन सेल्टिक्सच्या वाट्याला आला आणि त्यानंतरचे पंधरा हंगाम तो त्याच संघाकडून खेळला. सप्टेंबर २००० मध्ये बोस्टनमधल्या एका नाइट क्लबमध्ये त्याच्यावर चाकूचे अकरा वार झाले होते. तरीही त्या हंगामातले सर्वच्या सर्व ८२ सामने तो खेळला. संघाच्या पडत्या काळातही त्याने साथ सोडली नाही. २००६-०७ च्या हंगामात सेल्टिक्सने सलग १८ सामने गमावले आणि अखेरीस २४ विजय व ५८ पराभव एवढीच त्यांची कमाई राहिली. त्या उन्हाळ्यात संघाचे सूत्रधार डॅनी एंज यांनी केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन यांना आणले, पुढच्याच हंगामात संघाने ६६ सामने जिंकले आणि अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सला ४-२ असे हरवून विजेतेपद मिळवले. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून पिअर्सचीच निवड झाली.

त्यानंतर हा संघ दोनदा जेतेपदाच्या अगदी जवळ जाऊन परतला. २०१० मध्ये अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात लेकर्सने, तर २०१२ मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात मायामीने त्यांना रोखले. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲलन मायामीलाच जाऊन मिळाला. जानेवारी २०१३ मध्ये संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चढाईची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, राजॉन राँडो याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि त्याचा हंगाम संपला. सेल्टिक्सने तो हंगाम ४१ विजय आणि ४० पराभवांवर संपवला. बोस्टन मॅरेथॉनमधील बॉम्बस्फोटांनंतर एक सामना रद्द झाल्यामुळे ही बेरीज ८२ ऐवजी ८१ होते.

प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत न्यूयॉर्क निक्सने त्यांना ४-२ असे बाहेर काढले. त्या मालिकेचा सहावा सामना बोस्टनमध्ये झाला. सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात सेल्टिक्स २६ गुणांनी मागे होते, आणि तिथून त्यांनी प्रतिस्पर्ध्याला एकही गुण न देता सलग २० गुण केले. अंतर चार गुणांवर आले, सभागृह डोक्यावर घेतले गेले आणि तरीही सामना ८८-८० असा हातातून गेला. या संघात जिद्द किती उरली होती आणि दम किती उरला होता, हे दोन्ही त्या काही मिनिटांत दिसले. पुढच्या निर्णयाची अडचणही नेमकी हीच होती.

या अभ्यासातील मांडणी जाहीर नोंदी आणि संबंधितांनी पुढे उघडपणे सांगितलेल्या गोष्टी यांवर आधारलेली आहे. बंद दाराआड काय बोलणे झाले, याची कल्पना करून ते येथे लिहिलेले नाही.

प्रश्न

पिअर्स तेव्हा ३५ वर्षांचा होता. त्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी १८.६ गुण केले होते आणि संघात सर्वाधिक गुण त्याचेच होते. सेल्टिक्ससाठी त्याच्या नावावर २४,०२१ गुण जमा होते. जॉन हॅव्हलिचेक सोडल्यास या संघाकडून इतके गुण कोणीही केलेले नव्हते. म्हणजे तो संपला होता असे मुळीच नव्हते. संपलेल्या खेळाडूबद्दल असा प्रश्न पडतही नाही, कारण त्याला मागणीच नसते.

त्याच्या करारात एक तारीख महत्त्वाची होती. २०१३-१४ साठी त्याला सुमारे १ कोटी ५३ लाख डॉलर मिळणार होते, परंतु ३० जून २०१३ पूर्वी त्याला मुक्त केल्यास संघाला फक्त ५० लाख डॉलर द्यावे लागणार होते. त्यामुळे काहीही न करणे हादेखील एक निर्णयच ठरणार होता. त्यातच २०१३-१४ पासून लीगचा लक्झरी टॅक्स, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपलीकडे पगार देणाऱ्या संघाला भरावा लागणारा दंड, पूर्वीपेक्षा खूपच कडक होणार होता. पहिल्या फेरीत हरणाऱ्या संघासाठी तो दंड भरणे कोणत्याही मालकाला पटवून देणे कठीण होते.

याच प्रश्नाला एक जुनी बाजूही होती. एंज १९८० च्या दशकात सेल्टिक्सचे खेळाडू होते. लॅरी बर्ड आणि केव्हिन मॅकहेल यांची शरीरे थकू लागली होती, तेव्हा त्यांची किंमत आहे तोवर त्यांना दुसऱ्या संघाकडे देऊन तरुण खेळाडू घ्यावेत, असे आपण संघाचे सर्वेसर्वा रेड ऑरबॅक यांना सुचवले होते, हे एंज यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितले आहे. ऑरबॅक यांनी ते मानले नाही. बर्ड १९९२ मध्ये पाठीच्या दुखण्याने निवृत्त झाला, मॅकहेल १९९३ मध्ये. त्यांच्या बदल्यात संघाला काहीच मिळाले नाही. त्यातच लेन बायस आणि रेजी लुईस या संघाच्या तरुण खेळाडूंच्या अकाली मृत्यूंनी संघाची पुढची पिढीच हिरावून नेली होती. १९९६-९७ मध्ये सेल्टिक्सने ६७ सामने गमावले, आणि १९९२ नंतर प्लेऑफची एक मालिका जिंकायला त्यांना २००२ पर्यंत वाट पाहावी लागली. ती मालिका जिंकून देणाऱ्यांत पिअर्सच होता. ज्या खेळाडूने संघाला त्या खाईतून वर काढले, त्याच्याच बाबतीत ती चूक पुन्हा करायची का, असा हा पेच होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तो पिअर्स आणि गार्नेट या दोघांनाही ठेवून राँडोच्या पुनरागमनाची वाट पाहण्याचा. भावनेला आणि शहराला तो सर्वांत जवळचा होता, आणि अविचारीही नव्हता. आदल्याच वर्षी हा संघ अंतिम फेरीपासून एका विजयावर होता. मात्र गार्नेट ३७ वर्षांचा झाला होता, ॲलन गेला होता आणि दुखापतीतून राँडो केव्हा व कसा परतेल हे कोणालाही सांगता येत नव्हते. पूर्व विभागात लेब्रॉन जेम्सचा मायामी संघ ऐन भरात होता.

दुसरा पर्याय ३० जूनपूर्वी पिअर्सला मुक्त करण्याचा होता. त्यातून सुमारे एक कोटी डॉलर वाचले असते आणि पिअर्सलाही स्वतःचा पुढचा संघ निवडता आला असता. परंतु त्याच्या जाण्याने संघाच्या हाती केवळ रिकामी जागा आली असती. बर्ड-मॅकहेलच्या वेळी जे झाले तेच थोड्या कमी खर्चात पुन्हा घडले असते.

तिसरा पर्याय होता फक्त पिअर्सला ट्रेड करण्याचा, म्हणजे मोबदला घेऊन दुसऱ्या संघाला देण्याचा. यात अडचण अशी, की पस्तिशीच्या एकट्या खेळाडूसाठी कोणताही संघ मोठी किंमत मोजत नाही, आणि त्याच्यामागे एकटा उरलेला गार्नेट असलेला संघ ना जिंकण्याजोगा राहतो, ना नव्याने उभारण्याजोगा.

चौथा पर्याय दोघांनाही एकत्र देण्याचा. तो सर्वांत कठोर होता, आणि त्याला गार्नेटची संमती लागणार होती, कारण त्याच्या करारात त्याच्या परवानगीशिवाय ट्रेड न करण्याचे कलम होते. पिअर्सजवळ असे कलम नव्हते. पंधरा वर्षे एकाच संघात घालवलेल्या खेळाडूला कायद्याने नकाराचा अधिकार नव्हता आणि सहा वर्षांपूर्वी आलेल्याला तो होता, ही विषमता लक्षात ठेवण्याजोगी आहे.

निर्णयाचे टप्पे

पहिला टप्पा फेब्रुवारी २०१३ चा. ट्रेडची मुदत महिन्याच्या उत्तरार्धात संपत होती आणि पिअर्स, गार्नेट या दोघांची नावे चर्चेत होती. परंतु राँडो जखमी झाल्यानंतर संघाने अनपेक्षितपणे सलग सात सामने जिंकले, आणि मुदत मोठ्या बदलाविना निघून गेली. त्या विजयांनी चित्र गढूळ केले, असे माझे मत आहे. एखादा जुना संघ संकटात काही आठवडे चमकतो तेव्हा ती चमक खरी असते, पण पुढच्या दोन वर्षांबद्दल ती काहीच सांगत नाही. मात्र या ठिकाणी थांबणे संघाच्या पथ्यावर पडले, कारण उन्हाळ्यात जो गिऱ्हाईक मिळाला तसा हिवाळ्यात होता, याची कोणतीही खूण दिसत नाही.

दुसरा टप्पा प्रशिक्षकाचा होता. डॉक रिव्हर्स यांना पुनर्बांधणीच्या लांबलचक कामात रस नव्हता. लॉस एंजेलिस क्लिपर्सशी बोलणी सुरू झाली तेव्हा रिव्हर्स आणि गार्नेट यांना एकाच व्यवहारात गुंफण्याच्या बातम्या होत्या. लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी प्रशिक्षक आणि खेळाडू यांचा असा एकत्रित व्यवहार चालणार नाही हे स्पष्ट केले. अखेर जूनच्या शेवटच्या आठवड्यात २०१५ च्या पहिल्या फेरीच्या एका पिकच्या, म्हणजे ड्राफ्टमधील निवडीच्या हक्काच्या, बदल्यात रिव्हर्स क्लिपर्सकडे गेले. वरकरणी हा वेगळा व्यवहार होता, पण पहिला पर्याय त्याच दिवशी निकालात निघाला. ज्या प्रशिक्षकाच्या विश्वासावर पिअर्स आणि गार्नेट खेळत होते तोच नसताना त्या दोघांना ठेवण्यात फारसा अर्थ उरला नव्हता.

तिसरा टप्पा गिऱ्हाइकाचा. नेट्स संघ २०१२ मध्येच न्यू जर्सीहून ब्रुकलिनला आला होता. मालक मिखाईल प्रोखोरोव्ह यांनी २०१० मध्ये संघ घेतला तेव्हा पाच वर्षांत विजेतेपद आणू असे जाहीर केले होते, आणि त्यातली तीन वर्षे सरली होती. पैशाची चणचण नव्हती, वेळेची होती. ज्याला आज हवे आहे त्याच्याकडून उद्याचे मागून घ्यावे, हे एंज यांनी अचूक हेरले.

झालेली कृती

२७ जून २०१३ च्या ड्राफ्टच्या रात्री व्यवहाराची रूपरेषा ठरली आणि १२ जुलैला तो अधिकृत झाला. पिअर्स, गार्नेट, जेसन टेरी आणि डी. जे. व्हाइट ब्रुकलिनला गेले. बोस्टनला जेराल्ड वॉलेस, ख्रिस हम्फ्रीज, मार्शन ब्रुक्स, कीथ बोगन्स आणि ख्रिस जोसेफ मिळाले. यांपैकी कोणासाठीही हा व्यवहार झालेला नव्हता. एनबीएच्या नियमानुसार पगाराच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या संघांना देता-घेतानाचे पगार जवळपास जुळवावे लागतात, म्हणून ही नावे त्यात आली. वॉलेसच्या कराराची तीन वर्षे आणि सुमारे तीन कोटी डॉलर बाकी होते. ते ओझे उचलण्याची तयारी बोस्टनने दाखवली आणि तीच त्याची खरी किंमत होती.

बदल्यात मिळाले ते ब्रुकलिनचे २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक, आणि २०१७ मध्ये दोन्ही संघांच्या पिकची अदलाबदल करण्याचा हक्क. एक वर्षाआड अशी रचना का, हे समजून घेण्यासारखे आहे. १९८० च्या सुमारास क्लीव्हलँड संघाचे मालक टेड स्टेपियन यांनी एकामागून एक पिक देऊन आपला संघ पार खिळखिळा केला होता. त्यानंतर लीगने नियम केला, की सलग दोन वर्षे पहिल्या फेरीत पिकविना राहावे लागेल असा व्यवहार कोणत्याही संघाला करता येणार नाही. म्हणून २०१४, २०१६ आणि २०१८. मधल्या २०१७ मध्ये ब्रुकलिनकडे पिक राहणार होताच, फक्त तो बोस्टनचा असण्याची शक्यता होती. अशी अदलाबदल नियमात बसत होती. नियमाची चौकट जिथवर जाते तिथवर हा व्यवहार ताणला गेला.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की या हक्कांवर कोणतेही संरक्षण नव्हते. हरणाऱ्या संघाला ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळतो, म्हणून सहसा पिक देणारा संघ अट घालतो, की क्रमांक पहिल्या तिनात किंवा पहिल्या दहांत आला तर तो आमच्याकडेच राहील. ब्रुकलिनने तसे काही मागून घेतले नाही, कारण आपला संघ इतका खाली जाईल ही शक्यताच त्यांनी हिशेबात धरली नव्हती. मला या प्रकरणातला सर्वांत निर्णायक मुद्दा हाच वाटतो. बोस्टनने पिअर्स विकला तो २०१४ साठी नव्हे. २०१६, २०१७ आणि २०१८ मध्ये पिअर्स आणि गार्नेट खेळत नसतील, हे दोघांच्या वयाकडे पाहून कोणीही सांगू शकत होते, आणि ज्या संघाने त्यांच्यासाठी सगळे दिले तो तेव्हा कुठे असेल याचाही अंदाज बांधता येत होता.

गार्नेटची संमती मिळण्यात पिअर्सचा वाटा होता. आपण दोघे एकत्र जाऊ, या शब्दावर गार्नेटने आपला नकाराधिकार सोडला, असे तेव्हाच्या वृत्तांतून पुढे आले. ज्याला विकले जात होते त्यानेच व्यवहार पूर्ण व्हायला मदत केली.

जुलैच्या सुरुवातीलाच बोस्टनने बटलर विद्यापीठाचे ३६ वर्षांचे प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्स यांना नेमले. लांब पल्ल्याच्या कामासाठी लांब पल्ल्याचा माणूस, हा विचार त्यात उघड होता.

परिणाम

पहिल्या वर्षी बोस्टनने ५७ सामने गमावले. २६ जानेवारी २०१४ रोजी पिअर्स आणि गार्नेट पाहुण्या संघाच्या जर्सीत बोस्टनला परतले. त्यांच्यासाठी दाखवलेल्या चित्रफितींनी आणि टाळ्यांच्या कडकडाटाने सभागृह दणाणून गेले, आणि सामना ब्रुकलिनने ८५-७९ असा जिंकला. ब्रुकलिनने त्या हंगामात ४४ विजय मिळवले. टोरांटोविरुद्धच्या मालिकेच्या सातव्या सामन्यात अखेरच्या क्षणी काइल लाउरीचा फटका पिअर्सने अडवला आणि मालिका जिंकून दिली. पुढच्या फेरीत मायामीने त्यांना ४-१ असे हरवले. सुमारे नऊ कोटी डॉलरचा लक्झरी टॅक्स भरून मिळालेले यश एवढेच. पिअर्स त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनला गेला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये गार्नेट मिनेसोटाला.

पिकचा हिशेब सावकाश उलगडला. २०१४ चा पिक सतराव्या क्रमांकाचा निघाला आणि त्यातून काही विशेष हाती लागले नाही. २०१६ मध्ये ब्रुकलिनने ६१ सामने गमावले होते. बोस्टनला तिसरा क्रमांक मिळाला आणि त्यांनी जेलन ब्राउनला निवडले. हे नाव जाहीर झाले तेव्हा बोस्टनमध्ये जमलेल्या चाहत्यांनी नाराजीचा गलका केला होता. २०१६-१७ मध्ये बोस्टनने ५३ विजयांसह पूर्व विभागात अव्वल स्थान मिळवले आणि त्याच वर्षी अदलाबदलीच्या हक्कामुळे ड्राफ्टचा पहिला क्रमांकही त्यांच्याकडे आला. तो त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक आणि भविष्यातला आणखी एक पिक घेतला, आणि तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमला निवडले. २०१८ चा पिक क्लीव्हलँडचा खेळाडू कायरी अर्व्हिंग याच्यासाठीच्या व्यवहारात क्लीव्हलँडला गेला. जून २०२४ मध्ये बोस्टनने डॅलसला ४-१ असे हरवून विजेतेपद मिळवले; ब्राउन अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि टेटम संघाचा आधारस्तंभ होता.

तरीही टेटम आणि ब्राउन मिळाले म्हणून २०१३ चा निर्णय बरोबर, असा युक्तिवाद मला मान्य नाही. ड्राफ्टचे क्रमांक ठरवणाऱ्या लॉटरीचे चेंडू वेगळे पडले असते किंवा निवड चुकली असती, तरीही निर्णय तेवढाच योग्य राहिला असता. समोर ३० जूनची तारीख होती, संघ उताराला लागला होता, आणि दूरच्या वर्षांचे विनासंरक्षण हक्क देणारा गिऱ्हाईक दारात उभा होता. त्या दिवशी ठाऊक असलेल्या एवढ्याच गोष्टींवर या निर्णयाचे मूल्यमापन व्हायला हवे.

वेगळे काय करता आले असते

तुलनेसाठी त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण उपयोगी पडते. एप्रिल २०१३ मध्ये कोबी ब्रायंटच्या घोट्यामागची शीर तुटली. नोव्हेंबरमध्ये, तो मैदानात परतण्याआधीच, लेकर्सने त्याला दोन वर्षांसाठी ४ कोटी ८५ लाख डॉलरचा नवा करार दिला. पुढच्या तीन हंगामांत लेकर्सने अनुक्रमे २७, २१ आणि १७ सामने जिंकले. पण ती कथा निव्वळ तोट्याची नाही. ब्रायंटने वीस हंगाम एकाच संघाकडून पूर्ण केले आणि १३ एप्रिल २०१६ च्या शेवटच्या सामन्यात ६० गुण केले. शिवाय हरत राहिल्यामुळे लेकर्सला २०१५ आणि २०१६ अशी दोन्ही वर्षे ड्राफ्टचा दुसरा क्रमांक मिळाला. म्हणजे खेळाडू ठेवूनही वरचे पिक मिळू शकतात. फरक इतकाच, की ते स्वतःच्या पराभवांची किंमत देऊन मिळतात, तर बोस्टनने दुसऱ्याच्या पराभवांतून ते मिळवले आणि दरम्यान स्वतः वर चढत गेले.

बोस्टनच्या बाजूने सुधारणेला जागा आहे ती माणसांच्या बाबतीत. पिअर्सचे प्रकरण गोड शेवटाला गेले, हे खरे. जुलै २०१७ मध्ये संघाने त्याला पुन्हा करारबद्ध करून सेल्टिक्सचा खेळाडू म्हणून निवृत्त होऊ दिले आणि ११ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याचा जर्सीवरचा ३४ क्रमांक त्याच्या नावे कायमचा राखून ठेवला. परंतु २०१३ मध्ये त्याच्या हाती कोणताही अधिकार नव्हता; जे काही चांगले झाले ते दोन्ही बाजूंच्या सद्भावनेवर झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये आयझेया थॉमसला अर्व्हिंगसाठी दिले गेले, तेव्हा ही सद्भावना पुरली नाही. आदल्या हंगामात सरासरी २८.९ गुण करणारा आणि बहिणीच्या अपघाती मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी प्लेऑफचा सामना खेळणारा हा खेळाडू उघडपणे दुखावला. दीर्घकाळ खेळलेल्या खेळाडूला ट्रेडपूर्वी दोन-तीन संघांची पसंती कळवण्याची मुभा लेखी स्वरूपात देणे संघाला परवडले असते. त्यामुळे किंमत थोडी कमी झाली असती, पण पुढच्या खेळाडूशी करार करताना ती भरून निघाली असती.

ब्रुकलिनबद्दल बोलायचे तर पिअर्स आणि गार्नेटला घेणे ही त्यांची चूक म्हणता येत नाही. ३५ आणि ३७ वर्षांच्या खेळाडूंसाठी पाच वर्षांनंतरचे हक्क देणे ही चूक होती. जनरल मॅनेजर बिली किंग यांनी २०१२ मध्ये याच वॉलेससाठी पोर्टलँडला पहिल्या फेरीचा पिक दिला होता, आणि त्यावर पोर्टलँडने डॅमियन लिलार्डला निवडले होते. त्या पिकवर निदान पहिल्या तीन क्रमांकांचे संरक्षण तरी होते. वर्षभराने चार वर्षांचे भविष्य देताना तेवढीही अट घातली गेली नाही. २०१६ आणि २०१८ च्या हक्कांवर पहिल्या पाच क्रमांकांचे संरक्षण मागितले असते, तर बोस्टनने कदाचित कुरकुर केली असती, पण ३० जून तोंडावर असताना आणि रिव्हर्स निघून गेलेले असताना दुसरा गिऱ्हाईक शोधायला त्यांच्याकडे फार तर चार दिवस होते.